चुंबकाचा आकार कोण ठरवतो?

शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाट उघडले की दोन प्रकारचे चुंबक हमखास हाती लागतात. एक पट्टीचुंबक आणि दुसरा घोड्याच्या नालेसारखा वळवलेला, बहुधा लाल रंग दिलेला नालचुंबक. पाठ्यपुस्तकातील चित्रांतही हेच दोघे असतात. पण बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेतून एक चक्कर मारली आणि आज वापरात असलेले चुंबक शोधायचे ठरवले, तर यांपैकी एकही सहसा भेटणार नाही. ध्वनिवर्धकाच्या पाठीमागे जाडसर काळे कडे दिसेल. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तांदळाच्या दाण्याएवढा चकचकीत तुकडा दिसेल. विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या मोटरीत लहान लहान चपट्या फरशा ओळीने बसवलेल्या असतील, तर शीतकपाटाच्या दाराच्या रबरात चक्क वाकणारी चुंबकी पट्टी असेल.

मग नाल कुठे गेली? आणि मुळात चुंबकाला नालेचा आकार द्यावा असे कोणाला का वाटले? हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो की कायम चुंबकांचा चारशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो. त्या इतिहासाचे ताजे प्रकरण म्हणजे संगणकाच्या आज्ञेने थरावर थर रचून चुंबक ‘छापण्याची’ विद्या. या लेखात आपण तिथपर्यंत पोचणार आहोत, पण नालेच्या वाटेने.

चुंबक स्वतःचाच शत्रू

प्रत्येक चुंबकाला दोन ध्रुव असतात हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. त्यांना सहसा सांगितले जात नाही ते असे, की हे ध्रुव बाहेर जसे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात तसेच ते चुंबकाच्या आतही करतात, आणि आतील हे क्षेत्र चुंबकनाच्या विरुद्ध दिशेला असते. म्हणजे चुंबक सतत स्वतःलाच निष्प्रभ करू पाहत असतो. चुंबक लांब आणि बारीक असेल तर ध्रुव एकमेकांपासून दूर राहतात व हे विरोधी क्षेत्र क्षीण असते. चुंबक आखूड आणि चपटा असेल तर ते अतिशय प्रबळ होते.

या अंतर्गत विरोधाला तोंड देण्याची पदार्थाची जी ताकद, तिला निग्राही बल म्हणतात. ते किलोअँपिअर प्रति मीटर या एककात मोजतात. साध्या कार्बनी पोलादाचे निग्राही बल ४ च्या आसपास असते. एवढ्याशा बळावर पोलादाला चुंबक म्हणून टिकायचे तर त्याने काठीसारखे लांबच असायला हवे. परंतु लांब काठीचे दोन ध्रुव दूर पडतात आणि वस्तू उचलायला एका वेळी एकच ध्रुव कामी येतो. यावर अठराव्या शतकातील कारागिरांनी तोड काढली. काठीची लांबी तशीच ठेवून ती वाकवायची, म्हणजे दोन्ही टोके शेजारी येतात. हाच नालचुंबक. त्याचा आकार कोणाच्या सौंदर्यदृष्टीतून आलेला नाही. पोलादाच्या दुबळेपणाने तो लादलेला आहे. पट्टीचुंबक जोडीने, विरुद्ध ध्रुव शेजारी ठेवून आणि टोकांना मऊ लोखंडाच्या पट्ट्या लावून पेटीत ठेवावेत, ही सूचनाही त्याच दुबळेपणावरचा उपाय आहे.

पोलादाचे युग

विल्यम गिल्बर्ट यांचा चुंबकावरील लॅटिन ग्रंथ १६०० साली प्रसिद्ध झाला. तापवून लाल केलेली लोखंडी सळई उत्तर-दक्षिण धरून ठोकली आणि तशीच थंड होऊ दिली तर ती चुंबकित होते, हे त्यात सचित्र दाखवले आहे. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये गोविन नाइट या डॉक्टरांनी पोलादाच्या अनेक पट्ट्या एकत्र बांधून त्या काळच्या मानाने फार प्रबळ चुंबक बनवले आणि जहाजांचे होकायंत्र सुधारले. १७७२ मध्ये नाइट यांचे निधन झाले. त्यानंतर १७७९ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची आणखी एक कृती प्रसिद्ध झाली. लोखंडाचे अतिशय बारीक चूर्ण करायचे, ते जवसाच्या तेलात मळायचे, हव्या त्या आकाराचा गोळा घडवून भाजायचा आणि मग चुंबकित करायचा. चूर्ण आणि त्याला धरून ठेवणारा बंधक ही कल्पना नीट लक्षात ठेवावी. सव्वादोनशे वर्षांनंतर ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

पोलादी चुंबकांच्या या युगाशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित मोजमापे घेतली जाऊ लागली. या उपकरणांचे हृदय म्हणजे धाग्याला टांगलेला पोलादी चुंबक. १८५९ च्या सप्टेंबरात आलेल्या प्रचंड सौरवादळाची नोंद कुलाब्याला झाली आणि शास्त्रज्ञ आजही ती अभ्यासतात. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहांनी ही नाजूक मोजमापे बिघडतील हे स्पष्ट झाले. त्यामुळे वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये चुंबकीय मोजमापे अलिबागला हलवण्यात आली. दोन्ही ठिकाणची मोजमापे काही काळ बरोबरीने घेऊन त्यांचा मेळ घातला गेला, म्हणून १८४१ पासूनची मालिका तुटली नाही.

टांगलेल्या पोलादी चुंबकाची ताकद काळाबरोबर कमी होते, मग मोजमाप विश्वसनीय कसे? जर्मन गणिती गाउस यांनी १८३२ मध्ये यावर सुंदर युक्ती दिली होती. तोच चुंबक एकदा झोके घेऊ द्यायचा आणि एकदा त्याने दुसऱ्या चुंबकाला किती वळवले ते पाहायचे. दोन मोजमापांतून चुंबकाची ताकद आणि पृथ्वीचे क्षेत्र ही दोन्ही उत्तरे वेगवेगळी मिळतात. चुंबक अविश्वासू आहे हे मान्य करून विश्वासार्ह विज्ञान करण्याचा हा उत्तम नमुना वर्गात सांगण्यासारखा आहे.

नालेची लांबी घटू लागते

विसाव्या शतकात मिश्रधातूंनी चित्र पालटले. जपानमधील सेंदाई येथील विद्यापीठात कोतारो होंडा यांनी १९१७ मध्ये सुमारे ३५ टक्के कोबाल्ट असलेले पोलाद तयार केले. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या किचिझाएमोन सुमितोमो यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘के. एस. पोलाद’ म्हणतात. त्याचे निग्राही बल साध्या पोलादाच्या सुमारे पाचपट होते. १९३१ मध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू शोधला आणि होंडांच्या पोलादालाही मागे टाकले. त्यात कोबाल्टची भर पडून जे कुटुंब तयार झाले ते ‘अल्निको’. ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरे जोडून हे नाव बनले आहे. १९३८ च्या सुमारास आणखी एक गोष्ट उमगली. हा मिश्रधातू चुंबकीय क्षेत्रात ठेवून थंड केला, तर त्याच्या आतील सूक्ष्म रचना एका दिशेने लागते आणि त्या दिशेत चुंबक कितीतरी प्रबळ होतो.

अल्निकोचे निग्राही बल ५० च्या घरात आहे. म्हणजे पोलादाच्या दहापटीहून अधिक, तरीही चपटी चकती टिकण्याइतके नाही. म्हणून अल्निकोचे चुंबकही दांडीसारखे किंवा आखूड नालेसारखेच राहिले. पूर्वी घरोघरी असलेल्या विजेच्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरताना दिसे. तिला लगाम घालणारा चुंबक याच वळणाचा असे. महाराष्ट्रात १९६० साली स्थापन झालेल्या परमनंट मॅग्नेट्स लिमिटेड या कंपनीने मुंबईलगत मीरा रोडला अल्निकोचे ओतीव चुंबक बनवले. अल्निको कठीण आणि ठिसूळ असतो. त्याला साच्यात ओतायचे आणि मग फक्त घासायचे; कातणे, ठोकणे, वाकवणे यांपैकी काहीच त्याला सोसत नाही. इथे आकारावर दुसरे बंधन आले, ते पदार्थाच्या गुणापेक्षा घडवण्याच्या रीतीचे.

भाजलेल्या चूर्णाची चकती

१९५२ च्या सुमारास हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेतून बेरियम फेराइट बाहेर पडले. लोखंडाचा गंज आणि बेरियमचे संयुग यांचे चूर्ण दाबून भट्टीत भाजले की हा काळा चुंबक तयार होतो. तो धातू नव्हे, मडक्याच्या जातीचा पदार्थ आहे. त्याची ताकद बेताची, पण निग्राही बल २०० ते ३०० च्या घरात. आता चपटी चकती, पातळ कडे, काहीही चालू लागले. किंबहुना ताकद कमी असल्यामुळे क्षेत्रफळ वाढवणे गरजेचे झाले. ध्वनिवर्धकामागील कडे चपटे आणि रुंद का, याचे हे उत्तर. हेच चूर्ण रबरात मळले की शीतकपाटाची पट्टी होते. अशा लोहयुक्त ऑक्साइडांच्या अभ्यासाची परंपरा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही होती. तेथील घनपदार्थ रसायनाचे अभ्यासक ए. पी. बी. सिन्हा यांना १९७२ साली भटनागर पारितोषिक मिळाले.

विरल मृत्तिकांचे आगमन

१९६६ मध्ये अमेरिकेत कार्ल स्ट्रनाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की कोबाल्ट आणि विरल मृत्तिका गटातील मूलद्रव्ये यांच्या संयुगांत चुंबकन एका विशिष्ट स्फटिकदिशेला विलक्षण घट्ट बांधलेले असते. त्यातून समेरियम-कोबाल्ट चुंबक जन्माला आले. मात्र कोबाल्टचा मोठा पुरवठा झाईर या एका देशातून होत असे. १९७८ मध्ये तेथील शाबा प्रांतात लढाई भडकली आणि कोबाल्टच्या किमती गगनाला भिडल्या. कोबाल्टवाचून चालेल असा चुंबक हवा, अशी निकड जगभर निर्माण झाली.

१९८३ मध्ये एकाच पदार्थाची घोषणा दोन ठिकाणांहून झाली. जपानमध्ये सुमितोमो कंपनीत मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांचा चुंबक स्वतंत्रपणे तयार केला होता. पदार्थ एक, पण वाटा दोन. सागावांनी मिश्रधातूचे काही मायक्रोमीटर आकाराचे चूर्ण केले, चुंबकीय क्षेत्रात त्याचे सर्व कण एका दिशेला वळवले, ते दाबले आणि सुमारे १,१०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकसंध केले. या क्रियेला सिंटरिंग म्हणतात. क्रोट यांनी वितळलेला मिश्रधातू वेगाने फिरणाऱ्या थंड चाकावर सोडला. सेकंदाला लक्षावधी अंश या वेगाने तो थिजला आणि अतिसूक्ष्म स्फटिकांची पातळ फीत मिळाली. फीत कुटून केलेले चूर्ण प्लॅस्टिकमध्ये मिसळून चुंबक घडवता येतो. नाइट यांच्या जवसाच्या तेलाची ही नवी आवृत्तीच म्हणायची.

चुंबकाची एकूण थोरवी मोजण्यासाठी ऊर्जा गुणनफल नावाची राशी वापरतात. एकक आहे किलोज्यूल प्रति घनमीटर. चांगल्या अल्निकोचे ते सुमारे ४४, चांगल्या फेराइटचे ३० च्या आसपास, तर सागावांच्या वाटेने केलेल्या निओडिमियम चुंबकाचे आज ३०० ते ४०० भरते. निग्राही बल १,००० च्या घरात. पदार्थाने लादलेले आकाराचे बंधन इथे जवळजवळ संपले. आता तांदळाच्या दाण्याएवढा किंवा पत्र्याइतका चपटा चुंबकही खुशाल टिकतो.

करवतीखाली जाणारा माल

पदार्थाचे बंधन संपले, पण रीतीचे राहिले. सिंटरिंगने मिळतो तो साधा ठोकळा. मोटरीला लागते वक्र फरशी. म्हणून ठोकळा तारेच्या करवतीने कापायचा, घासायचा, गंजू नये म्हणून त्यावर निकेलचा लेप चढवायचा आणि शेवटी चुंबकित करायचा. कापण्या-घासण्यात मौल्यवान मिश्रधातूचा बराच भाग चुऱ्यात जातो. शिवाय मोटर तापते आणि तापमान वाढले की निग्राही बल घटते, म्हणून त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम ही अधिकच दुर्मीळ मूलद्रव्ये घालतात. प्रत्यक्षात चुंबक निष्प्रभ होण्याचा धोका बहुधा कडांना आणि कोपऱ्यांना असतो. पण ठोकळ्याच्या रीतीत हा महाग मसाला सगळीकडे सारखाच मिसळावा लागे. अलीकडे तो पृष्ठभागावरून कणांच्या सीमांमध्ये झिरपवण्याची पद्धत आली आहे. तरीही हवा तिथेच आणि हवा तेवढाच, अशी मोकळीक अजून पूर्णपणे मिळालेली नाही.

या काटकसरीला किती महत्त्व आहे हे २०२५ साली महाराष्ट्राने अनुभवले. जगातील सिंटरित विरल मृत्तिका चुंबकांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास उत्पादन चीनमध्ये होते. ही स्थिती एका रात्रीत आलेली नाही. क्रोट यांच्या शोधावर जनरल मोटर्सने १९८६ मध्ये उभा केलेला चुंबकांचा व्यवसाय १९९५ मध्ये विकला गेला. त्यानंतरच्या दशकभरात त्याचे अमेरिकेतील उत्पादन बंद होऊन ते चीनमध्ये गेले. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने समेरियम, डिस्प्रोसियम, टर्बियम यांसह सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे निर्बंध घातले. त्या उन्हाळ्यानंतर चुंबकांअभावी पुण्याच्या बजाज ऑटोला विजेच्या स्कूटरचे उत्पादन कमी करावे लागले. हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या काही फरशांवाचून अख्खे वाहन अडते. शाबा प्रांताची गोष्ट ४७ वर्षांनी नव्या पात्रांसह पुन्हा घडली.

थरावर थर

घडवण्याच्या रीती ढोबळमानाने दोन. पाषाणातून मूर्ती काढणारा शिल्पी नको असलेला भाग काढून टाकतो. भिंत रचणारा गवंडी हवा असलेला भाग घालत जातो. बार्शीटाकळीचे प्राचीन हेमाडपंती मंदिर पाहिले तर या दोन्ही रीती एकाच वास्तूत दिसतात. एकेक दगड कोरून, म्हणजे वजा करून घडवला आहे आणि अशा दगडांचे थर चुन्यावाचून एकमेकांवर बसवून मंदिर उभे राहिले आहे. आधुनिक कारखान्यातील लेथ, करवत, घासणी ही सारी यंत्रे शिल्प्याच्या घराण्यातील. गवंड्याच्या घराण्यातील यंत्रे मात्र १९८० नंतरची आहेत.

१९८१ मध्ये जपानमधील नागोया येथे हिदेओ कोदामा यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेचे थर एकावर एक रचून वस्तू बनवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९८४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हल यांनी अशाच पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या दशकाच्या अखेरीपर्यंत आणखी तीन पद्धती पुढे आल्या होत्या. टेक्सास विद्यापीठात कार्ल डेकार्ड यांनी चूर्णाचा थर लेसरने सांधला. स्कॉट क्रम्प यांनी वितळलेल्या प्लॅस्टिकची तार नोझलमधून सोडून आकृती रेखली. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत इमॅन्युएल सॅक्स यांनी चूर्णावर बंधकाचे थेंब टाकून ते चिकटवले. आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रा. के. पी. करुणाकरन यांच्या प्रयोगशाळेने धातूचे भाग अशा थरांनी घडवण्यावर काम केले आहे.

क्रम्प यांची रीत समजावून सांगायला स्वयंपाकघराइतकी चांगली जागा नाही. चकलीच्या सोऱ्यातून पीठ सोडत हात फिरवला की चकती तयार होते. हाताच्या जागी संगणकाने हलवलेले टोक आणि पिठाच्या जागी गरम प्लॅस्टिक आहे, एवढाच फरक. आता या पिठात निओडिमियम चुंबकाचे चूर्ण मिसळले तर? २०१६ मध्ये व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी नेमके हेच केले. त्यांनी चुंबकी चूर्ण मिसळलेल्या प्लॅस्टिकची तार बनवली आणि घरगुती प्रकारच्या साध्या छपाईयंत्रावर चुंबक छापून त्याचे क्षेत्रही मोजले. त्याच वर्षी अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने मोठ्या यंत्रावर ६५ टक्के चूर्ण व ३५ टक्के नायलॉन (आकारमानाने) यांपासून चुंबक छापले. त्यांचे ऊर्जा गुणनफल ४३.५ भरले. तेच मिश्रण साच्यात दाबून केलेल्या चुंबकाच्या तुलनेत ते मुळीच कमी नव्हते.

हा आकडा पुन्हा एकदा पाहू या. सिंटरित चुंबकाच्या ३०० ते ४०० पुढे तो फारच छोटा आहे. कारणे दोन. लाडवात पाकाचा वाटा असतो तसा इथे नायलॉनचा एकतृतीयांश वाटा आहे आणि पाकाला चुंबकत्व नसते. दुसरे म्हणजे चूर्णाचे कण अस्ताव्यस्त दिशांना पडलेले असतात. सागावांनी कणांना क्षेत्रात एका दिशेला वळवले होते, ते इथे झालेले नाही. परंतु ४३.५ म्हणजे उत्तम अल्निकोइतकेच. निग्राही बल मात्र ७०० च्या घरात. म्हणजे अल्निकोची ताकद आणि वर हवा तो आकार, असे हे देणे आहे.

लेसरखाली काय घडते

मग पाक वगळून निव्वळ मिश्रधातूच छापता येणार नाही का? धातूच्या चूर्णाचा केसाच्या जाडीइतका थर पसरायचा, त्यावर लेसर फिरवून हवा तेवढाच भाग वितळवायचा, त्यावर पुढचा थर पसरायचा. पोलादासाठी ही रीत रुळली आहे. चुंबकी मिश्रधातू मात्र काचेसारखे ठिसूळ. लेसरचा ठिपका पुढे सरकला की वितळलेला कण क्षणात थिजतो, आकसतो आणि तडकतो. त्यातून निओडिमियमला प्राणवायूची भारी ओढ, म्हणून सारे काम निष्क्रिय वायूत करावे लागते.

तरीही वाट सापडली. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी लेसरने वितळवून, नायलॉनवाचून, निओडिमियम चुंबक छापला. त्याचे ऊर्जा गुणनफल ४५ होते. इथे इतिहासाने एक गंमत केली आहे. लेसरखालचा इवलासा वितळलेला ठिपका ज्या वेगाने थिजतो तो क्रोट यांच्या फिरत्या चाकावरील वेगाच्या जवळ जाणारा आहे. त्यामुळे प्रत्येक ठिपक्यात तसेच अतिसूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि निग्राही बल मिळते. जे शीघ्र थंड होणे तडे पाडते, तेच चुंबकत्वही देते. २०१९ मध्ये लेसरने सांधलेल्या चुंबकांत कमी तापमानाला वितळणारा विरल मृत्तिकांचा मिश्रधातू मागाहून झिरपवून त्यांचे निग्राही बल दुपटीहून अधिक वाढवल्याचे प्रसिद्ध झाले. जुना अल्निकोही मागे राहिला नाही. अमेरिकेतील एम्स प्रयोगशाळेने २०१७ मध्ये लेसरच्या झोतात चूर्ण सोडून अल्निकोचे भाग जवळजवळ अंतिम आकारातच घडवले.

हिशेब काय सांगतो

आम्हा पदार्थवैज्ञानिकांना नव्या रीतीचे कौतुक लवकर वाटते, म्हणून हिशेब कागदावर मांडलेला बरा. छापलेला चुंबक आज स्कूटरच्या मोटरीतील सिंटरित फरशीची जागा घेऊ शकत नाही. ताकदीत तो सात-आठ पटींनी मागे आहे. कणांना छापतानाच एका दिशेला वळवण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते साधल्याखेरीज ही दरी बुजणार नाही. छपाई संथही आहे. लाखो एकसारख्या फरशा करायला साचा आणि दाबयंत्र यांना तोड नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छपाईने खाण मिळत नाही. आपल्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट आहे. इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० पासून त्यातून विरल मृत्तिका वेगळ्या करण्याच्या कामाशी निगडित आहे. पण वाळूपासून शुद्ध धातू, धातूपासून मिश्रधातू आणि मिश्रधातूपासून चुंबक ही साखळी कित्येक दशके मध्येच तुटलेली राहिली. २०२३ मध्ये विशाखापट्टणम येथे याच कंपनीचा, वर्षाला ३,००० किलोग्रॅम समेरियम-कोबाल्ट चुंबक बनवू शकणारा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्षाला ६,००० टन सिंटरित चुंबकांची क्षमता उभारण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. या साखळीत छपाईचे स्थान शेवटच्या कडीत आहे. पहिल्या कड्या नसतील तर ती निरुपयोगी. त्या असतील तर मात्र चुऱ्यात जाणारा माल वाचवणे, अवघड आकाराचे थोडेच चुंबक लागतात तिथे साच्याचा खर्च टाळणे, महाग डिस्प्रोसियम फक्त कोपऱ्यात ठेवणे, या गोष्टी तीच करू शकेल.

संशोधकाला मोह पडतो तो आणखी एका शक्यतेचा. आजवर मोटर आखणारा उपलब्ध चुंबकाभोवती मोटर आखत आला. छपाई पुरेशी सुधारली तर तो आधी हवे ते क्षेत्र ठरवील आणि मग त्या क्षेत्राला साजेसा चुंबक मागेल. नालेपासून सुरू झालेल्या गोष्टीत आकार ठरवण्याचा अधिकार प्रथमच उपयोग करणाऱ्याच्या हाती येईल.

वर्गात करून पाहण्यासारखे

या इतिहासातील मध्यवर्ती कल्पना पडताळायला छपाईयंत्र लागत नाही. लोखंड कापायच्या करवतीचे एक जुने पाते घ्यावे. शिक्षकांनी डोळ्यांना चष्मा लावून आणि पाते जाड फडक्यात गुंडाळून त्याचा सुमारे दीड सेंटिमीटरचा एक तुकडा मोडून घ्यावा. उरलेले लांब पाते आणि हा तुकडा या दोहोंवर एकाच प्रबळ चुंबकाने, एकाच दिशेने, सारख्याच वेळा घासावे. मग प्रत्येकाला किती टाचण्या चिकटतात ते मोजावे. दोन्हींचे पोलाद एकच आणि घासणेही एकच, तरी लांब पाते चांगला चुंबक बनते आणि आखूड तुकडा निराशा करतो. विद्यार्थ्यांना कारण लगेच सांगू नये. आधी कपाटातील नालचुंबक बाहेर काढून टेबलावर ठेवावा, एखाद्या निकामी ध्वनिवर्धकाचे कडे त्याच्या शेजारी ठेवावे, आणि ‘यांचे आकार असे वेगळे का?’ एवढेच विचारावे.

उत्तरापर्यंत पोचायला एखादा तास जास्त लागेल. पण एवढ्याने मुलांना एक गोष्ट कळते, की वस्तूचा आकार हा तिच्या पदार्थाचा आणि घडवण्याच्या रीतीचा इतिहास असतो. पुढे त्यांच्यापैकी कोणी या साखळीच्या तुटलेल्या कड्यांपैकी एखादी जोडायला गेले, तर त्याच्या किंवा तिच्या अभ्यासाची सुरुवात करवतीच्या त्या पात्यापासूनच झालेली असेल.